रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण आजार कोणता?

प्रश्न असा आहे: वय ३४, तासगाव तालुक्यात राहते, द्राक्षबाग आहे, एक मुलगी आहे. मागच्या खरड छाटणीपासून, म्हणजे अकरा महिने, दोन्ही मनगटं आणि सहा बोटांची मुळं दुखतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. केस गळतात, सारखं तोंड येतं, संध्याकाळी अंगात कणकण असते. चार डॉक्टर झाले. ए.एन.ए. १:१६० पॉझिटिव्ह, आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह, ई.एस.आर. ४२, हिमोग्लोबिन ९.६. एक म्हणाले ल्यूपसची सुरुवात, दुसरे म्हणाले संधिवात, तिसरे थायरॉइड बघा म्हणाले, चौथे म्हणाले टेन्शन घेऊ नका. गावातल्या दवाखान्यातून पुडीत मिळणाऱ्या बारीक पांढऱ्या गोळीने मात्र बरं वाटतं. मला नक्की काय झालंय? दुसऱ्या मुलाचा विचार आहे, तो करू का? घरच्यांना वाटतं मी कामाचा कंटाळा करते.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याचीच तुम्ही अकरा महिने वाट बघताय. तुम्हाला नक्की काय झालंय हे मला या माहितीवरून सांगता येत नाही. ज्यांनी नावं सांगितली त्यांनाही आज ते छातीठोकपणे सांगता येईल असं मला वाटत नाही. चौघांपैकी कुणी अडाणी आहे असं म्हणायचं नाही. आजार अजून अर्धाच उघडा झालाय, आणि ज्याला जो अर्धा भाग दिसला त्याने त्यावरून नाव ठेवलं.

मी सांगलीत २७ वर्षं प्रॅक्टिस करतोय. आपल्या भागाला दवाखान्यांची कमी नाही. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं इकडे येतात. त्यातून आपल्याला एक सवय लागलीय: सकाळच्या एस.टी.ने मिरजेला जायचं, तपासण्या करायच्या आणि संध्याकाळी आजाराचं नाव घेऊन घरी यायचं. मुतखडा, हर्निया, मोतीबिंदू असेल तर ही सवय चालते. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, किडनीवर उलटते त्या आजारांत चालत नाही. ल्यूपस, आमवाती संधिवात, डोळे-तोंड कोरडं पाडणारा शोग्रेन आणि यांची बाकीची भावकी सुरुवातीला एकसारखीच दिसते: थकवा, सांधेदुखी, बारीक ताप, केस गळणं. वेगळेपण उमटायला महिने लागतात, कधी वर्षं.

तुमच्याच बागेतलं उदाहरण देतो. पानावर पिवळा तेलकट डाग दिसला की तुमचे मालक लगेच डावणी म्हणून मोकळे होत नाहीत. पान उलटून बघतात, खाली पांढरी बुरशी आलीय का. नसली तर दुसऱ्या दिवशी परत बघतात. पण आभाळ भरलेलं असेल, दव पडत असेल, तर डागाचं नाव ठरायची वाट न बघता फवारणी करून मोकळे होतात. पुढे मी जे लिहिणार आहे ते एवढंच आहे: पान रोज उलटून बघायचं, आणि कुठली फवारणी थांबू शकत नाही ते ओळखायचं.

आता रिपोर्टकडे येऊ. ए.एन.ए. पॉझिटिव्ह या दोन शब्दांनी माझ्या दवाखान्यात जेवढी रडारड झालीय तेवढी कॅन्सरच्या रिपोर्टने झाली नसेल. ए.एन.ए. म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्राला चिकटणाऱ्या अँटीबॉडी, म्हणजे संरक्षणयंत्रणेने बनवलेली प्रथिनं. तपासणी अशी होते: प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या काचेवर तुमच्या रक्तातलं पाणी पातळ करून टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं केंद्र चमकतंय का ते बघतात. १:१६० म्हणजे तेवढं पातळ केल्यावरही चमक दिसली. वाचणारा माणूस असतो, त्यामुळे एका लॅबमध्ये १:१६० आलेलं दुसरीकडे १:८० येऊ शकतं. १९९७ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून ठणठणीत माणसांच्या रक्तावर ही तपासणी केली, तेव्हा १:४० ला जवळजवळ ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे तासगावच्या आठवडी बाजारातून शंभर धडधाकट माणसं उभी केली तर त्यातल्या पाचेकांचा रिपोर्ट तुमच्यासारखा येईल आणि ते भाजी घेऊन घरी जातील. थायरॉइडच्या आजारात, क्षयात, कुष्ठरोगात, काही गोळ्यांमुळेही तो पॉझिटिव्ह येतो. आणि एकदा आला की पुन्हा पुन्हा करायची गरज नसते, आजार वाढतोय की कमी होतोय हे त्यावरून कळत नाही. दर तीन महिन्यांनी ए.एन.ए. करून फाइल फुगवणारे पेशंट मी बघतो, तेव्हा त्या पैशात त्यांनी दहादा लघवी तपासली असती असं मनात येतं.

आर.ए. फॅक्टर ही आमवाती संधिवातात पुष्कळदा सापडणारी अँटीबॉडी, तिची गोष्ट उलटी. तो निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही असं होत नाही. आमवाती संधिवात असलेल्या दर चार-पाच पेशंटमागे एकाचा तो निगेटिव्हच राहतो आणि सुरुवातीच्या महिन्यांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. त्याच आजाराची अँटी-सी.सी.पी. नावाची दुसरी तपासणी तुमची झालेली दिसत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर बरंच बोलते, निगेटिव्ह आली तर गप्प बसते.

ई.एस.आर. म्हणजे शरीरात कुठे दाह आहे का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. तुमच्या ४२ बद्दल: बायकांसाठी ढोबळ हिशोब असा की वयात दहा मिळवायचे आणि निम्मे करायचे. तुमच्या वयाला २२ पर्यंत चालतं. ४२ जास्त आहे, पण रक्त कमी असलं की ई.एस.आर. आपोआप चढतो आणि तुमचं हिमोग्लोबिन ९.६ आहे. दाह दाखवणारी दुसरी तपासणी, सी.आर.पी., सोबत केली असती तर थोडा उजेड पडला असता. ल्यूपसमध्ये पुष्कळदा ई.एस.आर. चढलेला आणि सी.आर.पी. जवळपास नॉर्मल, असं चित्र दिसतं.

आता थोडं किचकट, पण तुमच्या डॉक्टरांचं एकमत का होत नाही ते यातून कळेल. या आजारांसाठी अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी गुणपत्रिका बनवल्यात. ल्यूपसची २०१९ ची आहे. ए.एन.ए. १:८० किंवा वर असेल तरच दारातून आत प्रवेश, मग १० गुण लागतात. तुमची बेरीज करून बघितली: सांध्यांना ६, तोंड येण्याला २. केस गळण्यालाही २ आहेत, पण दोन्ही एकाच रकान्यात येतात म्हणून एकदाच धरायचे. झाले ८. कणकणीला गुण नाहीत, थर्मामीटरवर ३८.३ सेल्सिअसच्या, म्हणजे साधारण १०१ फॅरनहाइटच्या, वर ताप गेला तरच मिळतात. संधिवाताची गुणपत्रिका २०१० ची, तिथे ६ लागतात. चार ते दहा लहान सांध्यांचे ३, सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ म्हणून १, ई.एस.आर.चा १. झाले ५. म्हणजे एकीकडे दोन गुण कमी, दुसरीकडे एक. दोन्हीकडे काठावर! एका डॉक्टरांनी ल्यूपस आणि दुसऱ्यांनी संधिवात का म्हटलं ते आलं लक्षात? शिवाय दुसऱ्या कुठल्या कारणाने त्रास होत नाही ना हे बघूनच हे गुण धरायचे असतात, आणि संधिवाताच्या गुणपत्रिकेसाठी सांध्याला सूज असल्याचं डॉक्टरांनी हात लावून बघितलेलं असावं लागतं. खरं सांगा, चौघांपैकी किती जणांनी तुमची पेरं एकेक करून दाबून बघितली? बांगड्या भरताना हात पूर्वीपेक्षा अडतो का, हे कुणी विचारलं?

या गुणपत्रिका मुळात संशोधनात एकसारखे पेशंट निवडण्यासाठी बनवलेल्या आहेत. ८ गुणांच्या बाईला ल्यूपस नाही आणि १० गुणांच्या बाईला आहेच, असं शरीर मानत नाही. पण त्यांचा एक उपयोग आहे: पुढे काय शोधायचं ते कळतं. तुम्ही पत्रात फक्त हिमोग्लोबिन लिहिलंत. त्याच कागदावर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स आहेत. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली असतील तर ३ गुण, प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असतील तर ४. ल्यूपसमध्ये खास सापडणारी डी.एस.डी.एन.ए.ची अँटीबॉडी रक्तात आली तर ६. आणि लघवीतून प्रथिनं जात असतील तर ४.

लघवीशी थांबतो, कारण इथे माझी स्वतःची चूक सांगायची आहे. प्रॅक्टिस सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. जत तालुक्यातून एकोणीस वर्षांची मुलगी आली, सांधे दुखतात, दमते, केस जातात. रक्त कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिलं आणि वडिलांना म्हटलं, 'वयात आलेली पोर आहे, अशक्तपणा आहे.' लघवी तपासली नाही. आठ महिन्यांनी ती पाय सुजून, चेहरा सुजून आली. ल्यूपसने किडनी धरली होती. किडनीचा हा आजार दुखत नाही, जळजळत नाही, पेशंटला काहीच कळत नाही. किडनी वाचली, आता तिला दोन मुलं आहेत, पण ते माझ्यामुळे नव्हे. तेव्हापासून सांधे दुखणाऱ्या तरुण बाईची लघवी तपासल्याशिवाय मी तिला घरी सोडत नाही. शंभर-दोनशे रुपयांची तपासणी आहे. तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टांत ती नाही. उद्या करा.

उलटी बाजूही सांगतो. नाव लवकर लागावं असं तुम्हाला वाटतं ते मी समजू शकतो, पण चुकीचं नाव लागलं तर ते फुकट जात नाही. एका मुलीच्या फाइलवर कुणीतरी फक्त ए.एन.ए. बघून 'ल्यूपस' लिहिलं. ठरलेलं लग्न मोडलं. आरोग्यविम्याच्या अर्जात तो शब्द आला, तिथेही अडलं. दीड वर्षाने माझ्याकडे आली तेव्हा निघालं थायरॉइड. थायरॉइडची टी.एस.एच. तपासणी आधीही केली होती, पण नॉर्मल दिसली, कारण ती केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत होती. बायोटिनचा डोस मोठा असेल तर काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे खोटे येतात, टी.एस.एच. आहे त्यापेक्षा कमी दिसते. तुमचेही केस गळतायत म्हणून विचारतो: मेडिकलमधून केसांची गोळी आणलीय का? आणली असेल तर तपासणीआधी तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा. तिसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मला म्हणूनच टाकाऊ वाटत नाही.

आणखी एक बहुरूपी आपल्याकडे हटकून आठवावा लागतो, तो म्हणजे चिकनगुनिया. १९७३ साली शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची साथ आली होती, मग तो तीसेक वर्षं गायब झाला आणि २००५-०६ मध्ये देशभर परतला. ताप चार दिवसांत उतरतो, पण सांधे महिनोन् महिने धरलेले राहतात, तेही दोन्ही हातांचे, अगदी आमवातासारखे. २००६ नंतरच्या वर्षात संधिवाताचं औषध चालू असलेले कितीतरी शेतकरी माझ्याकडे आले, ज्यांचा त्रास पुढे आपोआप ओसरला. त्रास सुरू झाला तेव्हा ताप होता का, घरात किंवा गल्लीत आणखी कुणाला होता का, ते आठवून ठेवा. जुना खोकला, वजन उतरणं, अंगावर बधिर चट्टा असेल तर तेही सांगा, लाज वाटून घेऊ नका. क्षय आणि कुष्ठरोग दोन्ही सांध्यांत शिरतात, आणि तिथे चुकून संधिवाताचे उपचार झाले तर आजार भडकतो.

पुडीतल्या गोळीने बरं वाटतं, याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. बहुतेक ते स्टेरॉइड असणार. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. दोन वर्षांत त्यांना नोबेल मिळालं. औषध खरंच जादूचं आहे, आम्हीही ते देतो आणि त्याने जीव वाचतात. पण मोजून, लिहून, कधी कमी करायचं ते ठरवून. पुडीत बांधलेलं स्टेरॉइड सूज दाबतं आणि डाग पुसून टाकतं, मग मी पान उलटलं तरी मला काय दिसणार? वर हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, आत दडलेला क्षय जागा होतो. तरीही हे वाचून आज रात्री गोळी फेकून देऊ नका. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतली असेल तर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. गोळीचं नाव आणि ताकद लिहून मागा. देत नसतील तर एक गोळी सोबत घेऊन या. कमी कशी करायची ते तपासून ठरवू.

काढ्याचंही बोलतो, कारण पुढचा सल्ला तोच मिळणार आहे. प्रतिकारशक्ती वाढवा, गुळवेल घ्या. तुमची प्रतिकारशक्ती कमी पडलीय असं नाही, ती रस्ता चुकलीय. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला. वाद बाजूला ठेवला तरी निदान होईपर्यंत तुमच्या शरीरात आणखी एक अज्ञात वस्तू घालू नका, एवढं ऐका. भाजीतली हळद खुशाल खा, सांगलीत राहून तिला नाही कसं म्हणू!

मग नाव न ठरता उपचार कसे करायचे? होतात. आमच्याकडे आणखी एक रकाना आहे, ज्याला आम्ही 'अजून वेगळा न झालेला संयोजी ऊतींचा आजार' म्हणतो. संयोजी ऊती म्हणजे शरीराचे भाग जोडून धरणारं जाळं. लांबलचक नाव आहे, पण प्रामाणिक आहे. या रकान्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार पुढे स्पष्ट रूप घेतो, तेही बहुधा पहिल्या पाच वर्षांत. बाकीचे आहे तसेच सौम्य राहतात, काहींचा त्रास निघूनही जातो. दुसऱ्या कारणांचा निकाल लागला आणि सांध्यांना खरंच सूज असली, तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी पुष्कळदा सुरू करता येते, ल्यूपस ठरो की न ठरो. डोस वजनावर, किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत. सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका. कुणी मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेऊन दगावलेली माणसं आहेत, म्हणून वार कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

मुलाबद्दल: विचार सोडू नका, तीन-चार महिने पुढे ढकला. आधी लघवी, किडनी, रक्तदाब, आणि दोन रक्ततपासण्या. एक म्हणजे रो अँटीबॉडी. ती असलेल्या आयांच्या शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके पोटातच मंदावतात, म्हणून गरोदरपणात बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. दुसरी, गर्भपाताशी संबंधित फॉस्फोलिपिड अँटीबॉडी. पूर्वी कधी गर्भपात झाला असेल तर तो नक्की सांगा, सासूबाईंसमोर नको असेल तर वेगळं सांगा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणात चालते, मेथोट्रेक्सेट अजिबात चालत नाही. ल्यूपस निघालाच तरी तो सहा महिने शांत असला की बाळंतपणं नीट होतात, मी अनेक बघितली आहेत.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. लघवीला फेस, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज, श्वास घेताना छातीत कळ, दम लागणं, अंगावर जांभळे ठिपके, बोटाचं टोक काळं पडणं, फिट येणं, एकाएकी हातापायातली शक्ती जाणं. यातलं काही झालं तर माझ्या उत्तराची नाही, रात्र-दिवसाचीही वाट न बघता सरळ मिरज-सांगलीतल्या मोठ्या दवाखान्यात.

उरला घरच्यांचा प्रश्न. एक वही करा. रोज उठल्याची वेळ आणि मूठ पूर्ण वळली ती वेळ, एवढंच लिहा. भाकरी थापता आली का, बेदाणा निवडायला बसलात तेव्हा किती वेळात बोटं भरून आली, तेही. हाताला सूज दिसेल त्या दिवशी फोटो काढा, कारण माझ्याकडे याल त्या दिवशी नेमकी सूज नसणार, हा माझा अनुभव आहे. मला ती वही कुठल्याही महागड्या रिपोर्टपेक्षा जास्त कामाची. आणि येताना मालकांना नाहीतर सासूबाईंना सोबत आणा. मी बहुतेक वेळा घरच्या माणसाचं बोट धरून पेशंटच्या सुजलेल्या पेरावर ठेवतो. गरम, मऊ लागतं ते. पुढे मला फार बोलावं लागत नाही.

खरड छाटणी तोंडावर आलीय हे माहीत आहे. त्याआधीच्या आठवड्यात या, सकाळी लवकर, हात आखडलेले असतानाच.